दावा नामंजूर



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विमा कचेरीच्या दावे-विभागातला एक निवृत्त कारकून उभा राहिलेला पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आम्हांला ते आपल्याहून अधिक वाटले. या मंचावरून विद्वान बोलतात, कवी बोलतात, राजकारणी तर फारच बोलतात. कारकुनाने बोलावे अशी कोणाची अपेक्षा नसते. त्याने लिहावे, आणि तेही नमुना-पत्रात जेवढी जागा रिकामी ठेवली असेल तेवढेच. चिटणीसांनी आमंत्रण दिले तेव्हा आम्ही विचारलेही, की आमच्यापाशी सांगण्यासारखे काय आहे? ते म्हणाले, "अडतीस वर्षे तुम्ही लोकांची दुःखे तपासलीत. ती तपासताना काय दिसले, तेवढे सांगा." 'दुःखे तपासलीत' हा शब्दप्रयोग आम्हांला बोचला, आणि बोचला म्हणूनच आम्ही होकार दिला.

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. आम्ही स्वतःला 'आम्ही' म्हणतो ते मोठेपणापोटी नव्हे. 'आपल्या पत्राच्या संदर्भात आम्ही कळवू इच्छितो की' या वाक्याने सुरू होणारी पत्रे लिहिण्यात हयात गेली. त्या 'आम्ही'त कचेरी असते, साहेब असतात, नियमावली असते. पत्र लिहिणारा माणूस मात्र बेमालूम लपलेला असतो. ती सवय आता सुटत नाही. परंतु आज त्या 'आम्ही'च्या आड न दडता बोलण्याचा प्रयत्न करणार आहोत.

विमा म्हणजे काय, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. गावात हजार घरे आहेत. वर्षाकाठी त्यांतले एखादे जळते. कोणाचे जळेल हे कोणालाच सांगता येत नाही, पण एखादे जळणार हे मात्र सांगता येते. तेव्हा हजारांनी थोडे थोडे पैसे एका हंडीत टाकायचे आणि ज्याचे जळेल त्याला त्यातून घर उभारून द्यायचे. इतकी ही साधी कल्पना आहे. लंडन शहर १६६६ साली आगीत भस्मसात झाले, आणि त्यानंतरच्या वीस वर्षांच्या आत तेथे घरांचा आगीचा विमा उतरवणारी पहिली कचेरी निघाली. आपल्याकडे १८१८ साली कलकत्त्यास आयुर्विम्याची पहिली कंपनी स्थापन झाली. तिचे लक्ष मुख्यतः येथल्या गोऱ्या लोकांकडे होते. हिंदी माणसाचा विमा कंपन्यांनी घेतलाच, तर त्याच्याकडून जादा हप्ता मागितला जाई. १८७० साली मुंबईत निघालेल्या बॉम्बे म्युच्युअल या संस्थेने हिंदी माणसाला इतरांच्याच दराने विमा देण्यास सुरुवात केली. पुढे १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. १ जानेवारी १९७३ पासून आग, मोटार, जहाज वगैरे सर्वसाधारण विम्याच्या १०७ संस्था सरकारी मालकीच्या चार कंपन्यांत एकवटल्या. इ. स. २००० नंतर खाजगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले. हा झाला इतिहास. पण या सगळ्या इतिहासात एक गोष्ट बदलली नाही. हंडीत पैसे टाकताना माणसाशी गोड बोलणारे पुष्कळ असतात. हंडीतून पैसे काढण्याची वेळ येते तेव्हा समोर एक टेबल असते, आणि त्या टेबलामागे आम्ही असतो.

आमचे काम तसे वर्णन करण्यास सोपे आहे. नुकसान झाल्याची सूचना येते. ती आवक-वहीत नोंदवायची, दाव्याला क्रमांक द्यायचा, फाईल उघडायची. विमापत्र त्या दिवशी चालू होते काय, हप्ता भरला होता काय, घडलेली आपत्ती विमापत्रात बसते काय, हे पाहायचे. ठराविक रकमेच्या वरचे नुकसान असेल तर परवाना असलेला सर्वेक्षक पाठवायचा. पोलिसांचा पंचनामा, डॉक्टरांचा दाखला, बिले, छायाचित्रे जमवायची. मग टिपणी लिहायची आणि शेवटी दोन शब्दांपैकी एक सुचवायचा: मंजूर किंवा नामंजूर. सही साहेबांची असते. पण साहेबांसमोर महिन्याला शेकडो फायली येतात, आणि टिपणी ज्या दिशेला वळली असेल त्याच दिशेला सही बहुधा वळते. हे आम्ही अभिमानाने सांगत नाही. कारकुनाच्या हाती सत्ता नसते असे म्हणतात ते खोटे आहे, एवढेच सांगायचे आहे.

या कामातले काही नियम लोकांना जुलमी वाटतात, परंतु त्यांना न्यायाचा आधार आहे. एका दुकानदाराकडे दहा लाखांचा माल असतो. हप्ता वाचावा म्हणून तो पाच लाखांचाच विमा उतरवतो. आग लागते, दोन लाखांचा माल जळतो. तो म्हणतो, "माझा विमा पाच लाखांचा, नुकसान दोन लाखांचे; पूर्ण दोन लाख द्या." आम्ही त्याला एक लाख देतो. तो संतापतो, आणि बाजारपेठेत आमची बदनामी करतो. पण हंडीत त्याने अर्ध्या मालाचाच वाटा टाकला होता. उरलेल्या अर्ध्याचा विमेदार तो स्वतःच होता. यालाच आमच्या भाषेत सरासरीचे कलम म्हणतात. हे कलम त्याला विमा विकताना कोणी समजावून सांगितले असते, तर त्याचा संताप वाचला असता आणि आमची बदनामीही. पण विकणारा वेगळा आणि नाकारणारा वेगळा, ही या धंद्याची जुनी व्यवस्था आहे.

दुसरे तत्त्व परम विश्वासाचे. विमा घेणाऱ्याने आपल्याला ठाऊक असलेली महत्त्वाची गोष्ट लपवता कामा नये. मधुमेह असेल तर तो सांगितला पाहिजे. या तत्त्वाचा पाया इंग्लंडात लॉर्ड मॅन्सफील्ड या न्यायमूर्तींनी १७६६ साली घातला. सुमात्रा बेटावर मार्लबरो नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा किल्ला होता. तो युरोपीय शत्रूच्या हाती पडेल या भीतीने तेथल्या गव्हर्नराने विमा उतरवला. फ्रेंचांनी किल्ला खरोखरीच घेतला. विमा देणारा म्हणाला, किल्ला किती कमकुवत आहे हे माझ्यापासून लपवले. निकाल गव्हर्नराच्या बाजूने लागला. पण त्या निकालात मॅन्सफील्डने आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे: हा विश्वास दोन्ही बाजूंवर बंधनकारक आहे. एखादे जहाज बंदराला सुखरूप लागले आहे हे विमा देणाऱ्याला गुपचूप ठाऊक असेल, आणि तरीही त्याने त्या जहाजाचा विमा उतरवून हप्ता घेतला, तर तोही तितकाच दोषी.

श्रोतेहो, आम्हांला नोकरीत या तत्त्वाची पहिली अर्धी बाजू पाठ करून घेतली गेली. विमेदाराने काय लपवले, हे शोधण्यात आम्ही तरबेज झालो. दुसरी अर्धी बाजू आम्हांला पुस्तकात सापडली नाही. ती एका म्हशीने शिकवली.

गोष्ट १९८८ सालची. त्या काळात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम जोरात होता. गरीब कुटुंबाला सरकारी अनुदान आणि बँकेचे कर्ज मिळून म्हैस घेऊन देत. म्हैस मेली तर कर्ज बुडू नये म्हणून तिचा विमा उतरवलेला असे. विम्याच्या वेळी म्हशीच्या कानात क्रमांक कोरलेला पत्र्याचा बिल्ला ठोकत. जनावर मेले की पशुवैद्याच्या दाखल्याबरोबर तो बिल्ला कचेरीत पाठवावा लागे. नियम पक्का होता: बिल्ला नाही, तर दावा नाही. नियम निराधारही नव्हता. एका गावी एकच मेलेली म्हैस तीन दाव्यांत मेल्याचे आम्ही स्वतः पाहिले आहे. छायाचित्रात बाभळीचे झाडदेखील तेच होते.

अशा एका गावच्या विधवा बाईचा दावा आमच्या टेबलावर आला. म्हैस घटसर्पाने गेली होती. पशुवैद्याचा दाखला होता, सरपंचाच्या सहीचा पंचनामा होता, छायाचित्र होते, आणि एका खाकी पाकिटात बिल्ला होता. दाखल्यात बिल्ल्याचा क्रमांक ४७६९ असा होता. आमच्या विमापत्रावर ४७९६ असा होता. आम्ही दोन्ही क्रमांकांखाली तांबड्या पेन्सिलीने रेघा ओढल्या आणि टिपणी लिहिली: 'क्रमांक जुळत नाही. विमा न उतरवलेले अन्य जनावर दाखवले असण्याचा संभव. दावा नामंजूर करावा.' साहेबांनी सही केली. दोन ओळींचे पत्र जावक झाले. त्याची एक प्रत बँकेला गेली.

ते खाकी पाकीट आम्ही उघडले नव्हते. का, म्हणाल तर कानाच्या तुकड्यासकट बिल्ला पाठवण्याची रीत होती, आणि त्या पाकिटाला वास येत होता. एवढेच कारण. कागदाशी कागद ताडून पाहिला की कर्तव्य झाले असे आम्ही मानले.

चौदा महिन्यांनी जुन्या फायलींचे गठ्ठे बांधण्याचे काम निघाले. ते पाकीट गठ्ठ्यात बसेना, म्हणून आम्ही त्यातला बिल्ला हातावर काढला. वास केव्हाच गेला होता. बिल्ल्यावर लख्ख आकडे होते: ४७६९. आमच्या पोटात गोळा आला. विम्याचा मूळ प्रस्ताव शोधून काढला. म्हशीला बिल्ला ठोकताना पशुवैद्याने हाताने लिहिलेला तो कागद. तेथेही ४७६९. याचा अर्थ, विमापत्र टंकलिखित करताना आमच्याच कचेरीत ६९ चे ९६ झाले होते. आणि विमापत्राच्या खाली 'तपासले' या शब्दापुढे आद्याक्षरे होती. ती आमचीच होती.

श्रोतेहो, या ठिकाणी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, की फाईल पुन्हा बांधून टाकावी असा विचार आमच्या मनात आला. तो एका दुपारपुरता टिकलाही. बंद फाईल कोणी उघडत नाही. बाई परत आली नव्हती. तिने अर्ज केला नव्हता, तक्रार केली नव्हती. आमच्या धंद्यात याचा अर्थ 'प्रकरण मिटले' असा घेतात. गरीब माणसाच्या गप्प बसण्याचा तो अर्थ नसतो, हे आम्हांला त्या दुपारी कळले.

संध्याकाळी आम्ही फाईल घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी सगळे कागद पाहिले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बंद दावा उघडला तर हिशेबतपासनीस दहा प्रश्न विचारतील." मग थोडे थांबून म्हणाले, "विचारू द्या." त्या दोन शब्दांबद्दल आम्ही त्यांचे जन्माचे ऋणी आहोत.

चार हजार रुपये मंजूर झाले. ते बँकेत कर्जखाती जमा झाले, कारण विमापत्रावर पहिला हक्क बँकेचा होता. मधल्या चौदा महिन्यांत हप्ते फेडण्यासाठी बाईने दोन शेळ्या आणि घरातली तांब्या-पितळेची भांडी विकली होती. सगळा हिशेब होऊन तिच्या हाती तीनशे-साडेतीनशे रुपये उरले असतील. पत्र नेण्यासाठी ती मुलाला घेऊन एस. टी. ने कचेरीत आली. आम्ही तिला बसायला खुर्ची दिली आणि चूक आमची होती हे सांगितले. आमची कल्पना अशी, की ती रागावेल, निदान रडेल. ती म्हणाली, "म्हस माझीच व्हती, खोटी नव्हती, ह्ये आता कागदावर आलं न्हवं? मग झालं. बँकेचा माणूस चावडीवर मला खोटारडी म्हणून गेला व्हता."

आम्ही त्या दोन ओळींच्या पत्रात 'खोटारडी' हा शब्द कोठेही लिहिला नव्हता. आम्ही 'क्रमांक जुळत नाही' एवढेच लिहिले होते. पण कचेरीतून निघालेला शब्द गावात पोचेपर्यंत त्याचा कोणता अर्थ होतो, याचा विचार करणे आमच्या कर्तव्यात येते असे आम्हांला तोवर वाटले नव्हते. आम्ही समजत होतो की दावा हा पैशाचा असतो. तो पैशाचा तर असतोच; परंतु 'माझे नुकसान झाले' हे माणसाचे म्हणणे खरे मानले जाते की नाही, हाही त्यात प्रश्न असतो. पैसे न मिळाल्याचे दुःख माणूस गिळतो. आपल्याला खोटे ठरवले, हे तो विसरत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग सगळेच दावे मंजूर करून टाका, कशाला संशय? तर तसेही नाही. हंडीतले पैसे आमचे नसतात. ते उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांचे असतात. खोट्या दाव्याला दयाळूपणाने पैसे देणारा कारकून दुसऱ्याच्या खिशातून दानधर्म करत असतो. मार्चअखेरीस तोट्यातल्या दुकानांना लागणाऱ्या आगी, एकाच शाईने आणि एकाच हाताने लिहिलेली तीन वेगवेगळ्या औषध-दुकानांची बिले, अपघातानंतर दुसऱ्या दिवशी उतरवलेला मोटारीचा विमा, हे सगळे आम्ही पाहिले आहे. तेव्हा संशय हा आमच्या धंद्यातला आवश्यक गुण आहे. पण विणकराची पाठ वाकते, तसा संशय हा आमचा धंद्यातला रोगही आहे. गुण केव्हा संपला आणि रोग केव्हा सुरू झाला, हे आतून कळत नाही. आमच्यापुरती आम्ही एक कसोटी ठरवली होती. ज्या कागदाच्या बळावर दावा नाकारायचा, तो कागद नाकारणाऱ्याने स्वतः उघडून पाहिलेला असला पाहिजे. वास येत असला तरी.

आता दुसऱ्या प्रकारच्या दाव्यांकडे वळू. तेथे कोणीच खोटे बोलत नसते, तरी उत्तर सापडत नाही. माणसाच्या शरीराची किंमत किती? १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. त्यात हाताचा अंगठा गेला तर कमाईची शक्ती शंभरात ३० ने गेली असे धरायचे होते. तर्जनी पुरी गेली तर १४, मधले बोट गेले तर १२, करंगळी गेली तर ७. आम्ही ते कोष्टक काचेखाली ठेवले होते. ते कोष्टक क्रूर नव्हते. उलट, मालकाशी घासाघीस करण्याची ताकद ज्या मजुरात नव्हती, त्याला त्याने एक निश्चित आकडा दिला. पण तबलजीची तर्जनी आणि हमालाची तर्जनी या दोन्ही त्या कोष्टकात १४ च होत्या, हे पाहून पेन क्षणभर थांबत असे.

त्याहून अवघड प्रश्न गृहिणीचा. मोटार-अपघातात एखादी बाई दगावते. नुकसानभरपाई मृताच्या उत्पन्नावरून काढायची असते. फॉर्मवर 'व्यवसाय' या रकान्यात लिहिलेले असते 'घरकाम', आणि 'मासिक उत्पन्न' या रकान्यात रेघ. मोटार वाहन कायद्याला १९९४ साली जे परिशिष्ट जोडले, त्यात कमाई नसलेल्या पत्नीचे उत्पन्न कमावत्या पतीच्या उत्पन्नाच्या एक-तृतीयांश धरावे असे होते. म्हणजे मामलेदाराच्या बायकोचा स्वयंपाक शिपायाच्या बायकोच्या स्वयंपाकाहून महाग. जमशेदपूरला १९८९ साली एका समारंभात आग लागून अनेक स्त्रिया व मुले मृत्युमुखी पडली. त्या लता वाधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणीच्या कामाचे मोल दरमहा ३,००० रुपये धरले. २०१० साली त्याच न्यायालयाने, जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैदी यांच्याबरोबर 'काम न करणाऱ्यां'त घातल्याबद्दल नापसंती व्यक्त केली. आणि जानेवारी २०२१ मधल्या एका निकालात २०११ च्या जनगणनेचे आकडे पुढे ठेवले: घरकाम हेच मुख्य काम असलेल्या स्त्रिया सुमारे १६ कोटी, आणि पुरुष सुमारे ५८ लाख. गृहिणीचे उत्पन्न धरणे म्हणजे तिच्या श्रमाला मान्यता देणे होय, असा त्या निकालाचा आशय आहे.

आमच्या समोर मात्र त्या आधीची कित्येक वर्षे ती रेघच होती. एकदा एक तरुण विधुर, पोरगे कडेवर घेऊन, त्या रकान्याकडे बोट दाखवून म्हणाला, "साहेब, इथे रेघ मारू नका हो. तिचा दिवस चार वाजता सुरू व्हायचा." आम्ही ती रेघ बदलू शकत नव्हतो. परंतु टिपणीत तिच्या कामांची यादी लिहिली: पाणी, दळण, तीन वेळचा स्वयंपाक, सासऱ्यांचे पथ्य, दोन मुले, एक गाय. ती यादी लवादापुढच्या कागदांत गेली. तिचा किती उपयोग झाला, हे आम्ही सांगू शकत नाही. पण फाईलीत एक माणूस होता, हे तरी त्या यादीने राहिले.

या ओघात आमच्याच धंद्यातल्या दोघांची आठवण होते. प्राग शहरी कामगारांच्या अपघात-विमा संस्थेत १९०८ पासून १९२२ पर्यंत फ्रान्झ काफ्का नावाचा एक अधिकारी काम करत होता. जग त्याला लेखक म्हणून ओळखते. आम्ही मात्र त्याच्या एका सरकारी अहवालावर जीव टाकतो. लाकूड रंधण्याच्या यंत्राचा चौकोनी दांडा कामगारांची बोटे कशी तोडतो, आणि गोल दांडा बसवला तर ती कशी वाचतील, हे त्याने आकृत्या देऊन समजावले आहे. दुसरा अमेरिकेतला बेंजामिन ली व्होर्फ. हा भाषाशास्त्रज्ञ, पण पोटासाठी आगीच्या विमा कंपनीत तपासनीस. त्याने पाहिले की पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ लोक जपून वागतात आणि 'रिकाम्या' पिंपांजवळ बेफिकीर विड्या ओढतात. वस्तुतः रिकाम्या पिंपात पेट्रोलची वाफ असते आणि तीच अधिक घातक. 'रिकामे' या शब्दाने आग लावली होती.

या दोघांनी दाव्याच्या फाईलीला एक निराळा प्रश्न विचारला. 'पैसे द्यायचे की नाही' एवढ्यावर न थांबता 'हे पुन्हा घडू नये म्हणून काय करावे' असे त्यांनी विचारले. आमच्याकडे सुगीच्या दिवसांत मळणी यंत्रात हात गेल्याचे दावे ओळीने येत. उजवा हात, मनगटापासून. उजवा हात, कोपरापासून. मळणी यंत्रे सुरक्षित असावीत म्हणून १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला होता. पण आमच्या कपाटात त्या हातांची जी नोंद होती, ती यंत्र बनवणाऱ्याला कधी कोणी कळवली नाही. आम्हीही नाही. विमा कचेरीचे कपाट म्हणजे समाजाच्या जखमांचे दप्तर आहे; ते आम्ही वर्षानुवर्षे कुलूप लावून ठेवले, याची आम्हांला आज खंत वाटते.

आता काळ बदलला आहे. बिल्ला ठोकायचा तेथे शेतकरी मोबाईलवर छायाचित्र काढून पाठवतो. पीक विम्याचा दावा असेल तर नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागते. इस्पितळातला दावा यंत्रच प्रथम वाचते आणि छाननी करते. २०२४ साली विमा नियामकाने आरोग्य-विम्यात रोखीविना उपचारांची विनंती एका तासात निकालात काढावी असा आदेश दिला. कागद अपुरे आहेत एवढ्याच कारणावरून दावा फेटाळू नये, असेही बजावले. आयुर्विम्यात तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षे पुरी झाली की विमापत्रावर कोणत्याही कारणास्तव हरकत घेता येत नाही. हे सारे स्वागतार्ह आहे. यंत्राला वास येत नाही, कंटाळा येत नाही, संध्याकाळची गाडी पकडायची नसते. परंतु ६९ चे ९६ झाले, तर यंत्रही 'क्रमांक जुळत नाही' असेच म्हणेल, आणि आमच्याहून वेगाने म्हणेल. पाकीट उघडून पाहण्याची जबाबदारी तेव्हाही कोणा माणसावरच राहील.

आपण विमेदार आहात, म्हणून शेवटी घरच्या माणसाप्रमाणे चार शब्द सांगतो. प्रस्तावाचा फॉर्म दुसऱ्याला भरू देऊ नका, आणि कोरा असताना सही करू नका. आजार असेल तर लिहा. विमापत्र कोठे ठेवले आहे हे घरात सांगा. कित्येक दावे येतच नाहीत, कारण विमा होता हेच मागे राहिलेल्यांना ठाऊक नसते. दहा वर्षे कोणी न मागितलेले पैसे ज्येष्ठ नागरिकांच्या कल्याण-निधीत जातात. निधी चांगला आहे, पण आपण हप्ते त्यासाठी भरले नव्हते. नामनिर्देशन वेळोवेळी तपासा. लग्नापूर्वी वडिलांचे घातलेले नाव पुष्कळांच्या विमापत्रावर तसेच असते. आणि दावा नाकारला गेला, तर गप्प बसू नका. कारण लेखी मागा. विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे फी नाही, वकीलही लागत नाही. आपण परत आलात तर आमच्यासारख्या कारकुनाला फाईल पुन्हा उघडावी लागते. त्याच्यावरही ते उपकारच असतात.

आम्ही २०१९ साली निवृत्त झालो. निरोपाच्या दिवशी टेबलाचा खण रिकामा केला. त्यात टाचण्या होत्या, तांबड्या पेन्सिलीचे तुकडे होते, आणि काचेखालचे ते बोटांचे कोष्टक होते. ४७६९ चा बिल्ला मात्र आम्हांला ठेवून घेता आला नाही. तो नियमाप्रमाणे फाईलीतच राहिला आणि पुढे फाईलीबरोबर नष्ट झाला. पण दावा नाकारणारे कोणतेही पत्र टंकलिखित होऊन समोर आले, की सही साठी पाठवण्यापूर्वी आम्ही ते एकदा मोठ्याने वाचत असू. हे वाक्य चावडीवर कसे ऐकू येईल, हे पाहण्यासाठी. शेजारचे सहकारी हसत. आम्ही वाचत असू.